फुली

दहावी ब. सातवा तास. वीज गेलेली, पंखा थांबलेला.
फळ्यावर मी सोडियम काढते:
गोलाबाहेर गोल, त्याबाहेर आणखी एक,
आणि अगदी कडेला एकटी फुली.
शेजारी क्लोरीन, त्याच्या कडेला सात टिंबं.
मग बाण. फुली उचलून पलीकडे ठेवते.
झाले आठ. मुलं वहीत उतरवून घेतात.

शार्दूल तांबट हात वर करतो.
त्याचे वडील बर्तन बाजारात
भांड्यांवर नावं घालतात.
"मॅडम, तिकडे गेल्यावरपण ती फुलीच राहते?"

पुस्तकात राहते, मी म्हणते.
खरं म्हणजे इलेक्ट्रॉनवर नाव घालता येत नाही,
तुझ्या बाबांच्या मशीननेसुद्धा.
तिथे आठ असतात एवढंच.
मोजता येतात, ओळखता येत नाहीत.
फुली आपल्यासाठी.
"मॅडम, परीक्षेत किती मार्कांना?"
मागच्या बाकावरून कोणीतरी.
दोन.

तीन वर्षांची होते, तेव्हा
ग्वाल्हेरच्या लष्करातून मी इंदूरला आले,
रात्रीच्या गाडीने, मावशीच्या मांडीवर.
रामबागेत उजाडलं.
आता हिला आई म्हणायचं, असं कोणीतरी सांगितलं,
आणि मी म्हटलं. भूक लागली होती.
नावही बदललं त्याच आठवड्यात.
बरोबर आलेला स्टीलचा पेला तेवढा राहिला.
त्यावर छिन्नीने, ठोक्याठोक्याने,
टिंबाटिंबांनी लिहिलेलं:
कु. कालिंदी ग. टेंबे.

पुस्तक म्हणतं, सोडियम इलेक्ट्रॉन देतो.
जणू हात पुढे करून, हळदीकुंकवाचं वाण दिल्यासारखा.
देत नाही. काढून घ्यावा लागतो.
काढायला लागते चारशे शहाण्णव इतकी ऊर्जा,
क्लोरीन त्यातली परत करतो तीनशे एकोणपन्नास.
दोघांपुरता हिशोब मांडला तर सरळ तोटा.
हे मी वर्गात सांगत नाही, अभ्यासक्रमात नाही.

आणि दिल्यावर सोडियम लहान होतो,
जवळजवळ निम्मा.
ग्वाल्हेरची आई दर दिवाळीला
मला थोडी आणखी आखूड दिसायची.
मला वाटायचं, मी वाढतेय म्हणून.
इकडची आई मात्र ऐसपैस झाली,
जिन्यात मावेना, हसली की पाळणा हलायचा.
दोघी भेटल्या की एकमेकींना सोडत नसत,
आणि मला मध्ये घेत नसत.

मग तोटा भरून कसा निघतो?
तेही सांगून ठेवते, कोणी विचारलं तर.
एकाभोवती सहा उभे राहतात,
त्या प्रत्येकाभोवती पुन्हा सहा,
वर, खाली, चारी बाजूंना,
आणि त्या रचण्यात सुटते ती ऊर्जा
सगळी उधारी फेडून उरते.
मिठाच्या खड्यात जोड्या नसतातच.
हा कोणाचा, तो कोणाचा, दाखवता येत नाही.
रामबागेत आमच्या जिन्याला सहा दारं होती.
पोळी कोणाकडे, वेणी कोणाकडे,
गोवरात कोण जागलं,
आता मलाही नीट सांगता येणार नाही.

शाळा सुटल्यावर तांबटांकडे गेले.
पेला त्यांनी चष्म्याजवळ नेला,
टिंबांवरून अंगठा फिरवला.
"जुनं हातकाम आहे, मॅडम. असं आता कोणी करत नाही.
नवं नाव घालायचं का? हे घासून काढावं लागेल.
पण तिथे पत्रा पातळ होईल, आधीच सांगतो."
शार्दूल गल्ल्याशेजारी गृहपाठ करत होता,
टिंबं, फुल्या, टिंबं,
आणि मान वर करत नव्हता.

राहू द्या, म्हटलं.

घरी येऊन त्यात नळाचं पाणी घेतलं.
नर्मदेचं. क्लोरीनचा जरासा वास होता,
रोज असतो तेवढाच.
उभ्यानेच प्यायले.